शुक्राचा अस्त, पाच तारखेची किस्त

सुरू करण्याआधी पुढचं साहित्य हाताशी ठेवावं. जिची फक्त जानेवारीची पानं भरलेली आहेत अशी एक जुनी डायरी. धार असलेली कैची. कालनिर्णय. घरातल्या सगळ्या कप्प्यांच्या किल्ल्या. आणि बायको. यातली शेवटची बाब मी सात महिने उशिरा वापरात आणली. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहून राहिलो.

कर्जातून बाहेर पडण्याची पुस्तकं नागपुरात बर्डीच्या फुटपाथवर ढिगानं मिळतात. मी तीन घेतली. (रोखीनं घेतली, नोंद असावी.) तिन्हींत पहिल्याच पानावर 'आपल्या मासिक उत्पन्नातून' असे शब्द आले आणि मी पुस्तक मिटलं. मी लग्नाचे फोटो काढतो. माझं उत्पन्न मासिक नसून मुहूर्तिक आहे. तुळशीचं लग्न लागलं की ते सुरू होतं आणि आषाढीला देव झोपले की तेही झोपतं. पावसाळ्यात मी पासपोर्टचे फोटो काढतो, आणि पितृपक्षात लोकांच्या वडीलधाऱ्यांचे जुने फोटो भिंतीवर लावण्याइतके मोठे करून देतो.

माझ्या वडिलांना ती पुस्तकं लागू पडली असती. ते एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली ती मिल. वडिलांचा पगार दहा तारखेला म्हणजे दहा तारखेला. पतपेढीचा हप्ता पाकिटातून कापूनच यायचा, त्यामुळे कर्ज फेडायला त्यांना मनाचा निग्रह वगैरे काही लागला नाही. काढलं, फेडलं, पुन्हा काढलं, ताईचं लग्न केलं, फेडलं. २००२ मध्ये मिल बंद झाली. आता त्या जागेवर मॉल आहे, आणि त्या मॉलमध्ये एका हसऱ्या पोरानं मला क्रेडिट कार्ड दिलं.

पायरी पहिली: आपण पडलो कसे, ते आठवा (थोडक्यात)

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी नवीन कॅमेरा घेतला. जुना चांगला होता. पण मुलीकडचे आजकाल येऊन पहिले कॅमेऱ्याचं मॉडेल विचारतात, फोटो नंतर पाहतात. किस्त ९,२०० रुपये, दर महिन्याच्या पाच तारखेला. हिशेब सरळ होता: मेमध्ये बारा लग्नं, जूनमध्ये आठ, झालं. सोबत ड्रोनही घेतला, कारण फुटाळा तलावावर प्री-वेडिंग करायचं तर वरून शॉट लागतो. ड्रोनचे पैसे कार्डावर टाकले, कारण कार्ड होतं.

मग मे आला आणि शुक्र गेला. त्या मे-जूनमध्ये शुक्राचा अस्त होता, मधेच गुरूही अस्ताला गेला, आणि हे दोघं आकाशात नसले की आपल्याकडे कोणी कोणाच्या गळ्यात हार घालत नाही. हॉलवाले, घोडीवाले, केटरर, बँडवाले, आम्ही सगळे रिकाम्या हातानं वर पाहत बसलो. कॅमेऱ्याच्या कर्जवाल्या कंपनीला मी फोन करून सांगितलं की शुक्र अस्ताला आहे, उगवला की भरतो. पलीकडच्या मुलीनं अगदी अदबीनं विचारलं, "सर, शुक्राजी आपके गॅरंटर हैं क्या?"

हे सगळं पंचांगात आधीच छापलेलं होतं. कालनिर्णय डिसेंबरपासून स्वयंपाकघरात लटकलं होतं. मी त्यावर दूधवाल्याचे खाडे लिहीत होतो.

पायरी दुसरी: कर्ज शोधा

आपलं कर्ज आपल्याला माहीत असतं, हा नवशिक्यांचा मोठा गैरसमज. कर्ज घरात ठिकठिकाणी बसलेलं असतं आणि दिवा लावल्याशिवाय दिसत नाही. आमच्याकडे दिवा मारबतीच्या दिवशी लागला.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती निघतात. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. गावाची सगळी इडापिडा सोबत घेऊन जा, असं ओरडत लोक त्या पुतळ्यांना मिरवत नेतात आणि शेवटी जाळतात. मागे बडगे नावाचे पुतळे असतात, त्या त्या वर्षीच्या महागाईचे, भ्रष्टाचाराचे. सकाळी मी त्या गर्दीत उभा राहून चारशे फोटो काढले, ज्यातल्या एकाचेही पैसे कोणी देणार नव्हतं. सगळ्यांसोबत मीही ओरडलो आणि मनातल्या मनात कॅमेऱ्याची किस्त काळीच्या ओटीत टाकली. संध्याकाळी घरी आलो तर किस्त माझ्याआधी पोचलेली. मोबाइल घरी विसरला होता. त्यावर मेसेज होता की मागचे दोन हप्ते परत गेले आहेत, पाच तारखेला खात्यात शिल्लक ठेवावी. तो हिनं वाचला होता.

"दोन हप्ते?" एवढंच म्हणाली.

मग हॉलमध्ये चादर अंथरली. टीव्हीच्या स्टॅबिलायझरमागून कार्डाची बिलं निघाली. कॅमेऱ्याच्या बॅगेतून, सिलिका जेलच्या पुड्यांखालून, गल्लीतल्या एका भाऊकडून घेतलेल्या ४०,००० ची चिठ्ठी. जुन्या अल्बमच्या खोक्यातून भिशीचं कार्ड. किराणावाल्याची वही तर उघड्यावरच होती, फक्त तिच्याकडे पाहायचं नाही असं आमचं ठरलेलं. मी खाली मान घालून एकेक कागद ठेवत होतो आणि ही आता बोलेल, आता बोलेल म्हणून वाट पाहत होतो. ही उठली, देव्हाऱ्याजवळ गेली आणि 'श्री गजानन विजय' पोथी घेऊन आली. मला वाटलं, आता शपथ घ्यायला लावते. तिनं पोथीच्या मधल्या पानांतून चार घड्या घातलेला एक कागद काढून चादरीवर ठेवला. सोनेतारणाची पावती. दोन पाटल्या, १,२०,००० रुपये, तारीख मार्चमधली. पोरीच्या कोचिंगची फी.

"पोथीत काऊन ठेवली?"

"तुम्ही ते कधी उघडून पाहत नाही म्हणून."

मार्चपासून तिच्या हातात बेंटेक्सच्या पाटल्या होत्या. नवरीच्या नथीतला मोती इकडचा तिकडे झाला तरी मी मंगलाष्टकं संपल्यावर अख्खा शॉट पुन्हा लावतो. घरात सहा महिने मला दिसलं नाही. एकाच घरासाठी, एकाच छताखाली, आम्ही दोघं एकमेकांपासून लपवून कर्ज काढत होतो आणि आपलं गुपित फार चांगलं सांभाळतोय म्हणून दोघंही मनातून खूश होतो.

त्या रात्री डायरीच्या फेब्रुवारीच्या कोऱ्या पानावर हिनं लिहिलेली यादी अशी. कॅमेरा १,४२,०००. कार्ड ६८,०००. पाटल्या १,२०,०००. भिशी आधीच उचललेली, भरायचे राहिलेले ६०,०००. साळ्याकडून हातउसने ५०,०००. गल्लीतला भाऊ ४०,०००. हिच्या बचत गटाचे ३१,०००. किराणा ११,६००. एकूण ५,२२,६००. बेरीज तिनं तीनदा केली. मी दोनदाच केली, तिसऱ्यांदा हिंमत झाली नाही.

इथं विनोद थोडा बाजूला ठेवतो. विदर्भात कर्ज हा शब्द छापून येतो तो बहुतेक वेळा एका मरणाच्या बातमीत. त्या बातम्या वाचतच आम्ही मोठे झालो. रात्री अडीचला छताकडे पाहताना त्या बातम्यांतली वाक्यं आपोआप आठवतात, आणि ती आपल्याच घराच्या पत्त्यासह आठवतात. तसं होत असेल तर आकडा घरात कोणाला तरी सांगा, आणि घरात सांगवत नसेल तर टेली-मानस हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो फुकट आहे. यादी केल्यानं माझं कर्ज एक रुपयानं कमी झालं नाही. पण ते अडीच वाजताचं बसणं बंद झालं, कारण आता ही पण जागी असायची.

पायरी तिसरी: टक्का कोणता, ते विचारा

नवशिक्यांनी हे पाठ करावं. बँकेतला टक्का वर्षाचा असतो. गल्लीतला टक्का महिन्याचा असतो. गल्लीतला भाऊ "फक्त पाच टक्के" म्हणतो तेव्हा ते वर्षाचे साठ होतात. आणि तो हे इतक्या आपुलकीनं म्हणतो की आपल्याला बँकवालाच लुटारू वाटतो, कारण तो सोळा म्हणतो.

महाराष्ट्रात यासाठी २०१४ चा सावकारी कायदा आहे. परवान्याशिवाय व्याजानं पैसे देणं हा त्यात गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना असलेल्यालाही हवं तितकं व्याज लावता येत नाही: शेतीसाठी नसलेल्या विनातारण कर्जाला सरकारनं ठरवलेला दर वर्षाला १८ टक्के, म्हणजे महिन्याला दीड. चक्रवाढ तर लावायचीच नाही. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करायची असते. त्याहून जुनी दामदुपटीची रीत आहे. जुन्या हिंदू कायद्यात थकलेलं व्याज मुदलापेक्षा जास्त मागता येत नाही. मी हिशेब करून पाहिला. ४०,००० ला महिन्याचे २,००० प्रमाणे वीस महिन्यांत व्याजच मुदलाइतकं होतं. पण ही रीत थकवणाऱ्याच्या कामाची. दर महिन्याला इमानदारीनं नेऊन देणाऱ्याला ती काही देत नाही.

भाऊकडे परवाना नव्हता. मी तक्रार केली का? नाही केली. आमच्या गल्लीत राहतो, आई गेली तेव्हा खांदा द्यायला पहिला तोच होता. हिनं फक्त कायद्यातल्या व्याजाच्या कलमाची झेरॉक्स काढली आणि मुद्दल परत द्यायला गेली तेव्हा पैशांसोबत तो कागदही त्याच्या पुढ्यात ठेवला. चालू महिन्याचं व्याज त्यानं सोडलं. म्हणाला, "वहिनी, तुम्ही पण ना."

आता साळ्याचं कर्ज. ते बिनव्याजी होतं. ज्यांच्यावर बिनव्याजी कर्ज आहे त्यांनी पुढचा हिशेब शांतपणे करावा. वर्षभरात त्याच्या दोन पोरांचे वाढदिवस मी फुकट शूट केले, प्रत्येकी ६,०००. नव्या फ्लॅटची वास्तुशांत, ८,०००. सासरेबुवांचं सहस्रचंद्रदर्शन, व्हिडिओसह, १०,०००. बेरीज ३०,०००. पन्नास हजारांवर वर्षाला तीस हजार, म्हणजे साठ टक्के. गल्लीतल्या भाऊचा आणि सख्ख्या साळ्याचा दर एकच निघाला, फरक इतकाच की भाऊच्या घरी मला "जवाईबुवा, जरा केकचा पुन्हा एक घ्या" असं कोणी म्हणत नव्हतं.

पुस्तकं सांगतात की जास्त व्याजाचं कर्ज पहिले फेडा, किंवा सगळ्यात लहान कर्ज पहिले फेडा म्हणजे उमेद वाढते. आमच्या घरी तिसरी पद्धत ठरली: अपमान प्रथम. ड्रोन विकला, ३८,००० आले. न उचललेल्या अल्बमांतून (त्याविषयी पुढे) १२,००० आणले, आणि साळ्याला त्याच्याच घरी, त्याच्याच सोफ्यावर, मोजून दिले.

पायरी चौथी

ही पायरी त्या महिन्याच्या किस्तीत गेली.

पायरी पाचवी: कैची

क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात, एक मोठा आणि एक गोंडस. गोंडस आकड्याला किमान देय रक्कम म्हणतात. माझा गोंडस आकडा ३,४०० होता आणि तो दर महिन्याला भरून मी स्वतःला प्रामाणिक माणूस समजत होतो. हिनं बिलाची मागची बाजू वाचली. (कार्डाच्या बिलाला मागची बाजू असते, हे नवशिक्यांनी टिपून घ्यावं.) व्याज महिन्याला साडेतीन टक्के. ६८,००० वर २,३८०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ४२८. म्हणजे ३,४०० भरले की त्यातले २,८०८ हवेत गेले आणि कर्ज कमी झालं ५९२ रुपयांनी. त्यात दोघांचं सावजी जेवण होतं आणि वरून रिक्षाभाडं सुटत नाही. शिवाय बाकी थकलेली असताना नवीन खरेदीला बिनव्याजी दिवसही मिळत नाहीत. मी त्याच काळात कार्डावर पेट्रोल भरत होतो आणि त्यावर मिळणारे पॉइंट मोजत होतो.

मग हिनं बँकेत फोन लावला आणि सगळी बाकी २४ महिन्यांच्या हप्त्यांत करून मागितली. दर वर्षाला सोळा टक्के. हप्ता किती आला असेल? ३,३३०, आणि वर जीएसटीचं चिल्लर. जितके पैसे मी मरेपर्यंत भरणार होतो, जवळपास तितकेच, पण दोन वर्षांत संपणारे. हे मला आधी कोणी सांगितलं नाही असं म्हणणार होतो, पण बँकेचे तसे मेसेज मला आठ वेळा आले होते. मी ते जाहिरात समजून पुसले.

'सेटलमेंट करून टाका' असं सांगणारेही भेटतात. थोडे पैसे घेऊन बँक बाकीचे सोडते, हे खरं. पण मग सिबिलच्या अहवालात खातं 'बंद' ऐवजी 'सेटल्ड' असं दिसतं, आणि पुढच्या कर्जाच्या वेळी ते दाढेत अडकलेल्या सुपारीसारखं सलत राहतं. अगदीच गळ्याशी आलं असेल तरच त्या वाटेनं जावं. मोबाइलवर पाच मिनिटांत पैसे देणाऱ्या ॲपच्या वाटेनं तर गळ्याशी आलं तरी जाऊ नये.

कैची शेवटी वापरायची. कार्ड कापताना मला वाटलं तितका आवाज झाला नाही.

पायरी सहावी: सोनं, आणि वऱ्हाड

सोनं गहाण ठेवायची आपल्याकडे लाज वाटते. वाटू नये. या भागात अख्खा प्रांत गहाण पडलेला आहे. हैदराबादच्या निजामाकडे इंग्रजांच्या दिमतीच्या फौजेचा खर्च थकला आणि १८५३ मध्ये त्या बाकीपोटी त्यानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. मालकी निजामाची, चाव्या इंग्रजांकडे, अगदी पाटल्यांसारखं. पुढं सोडवून घ्यायची खटपट पुष्कळ झाली. शेवटी १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपये या बोलीवर वऱ्हाड कायमचं भाडेपट्ट्यानं गेलं आणि दुसऱ्या वर्षी मध्य प्रांताला जोडलं गेलं, ज्याची राजधानी नागपूर. थकलेला माल ज्या शहराच्या तिजोरीत आला त्या शहराचे आपण रहिवासी. मुदतीत सोडवलं नाही की काय होतं, हे आपल्याला वेगळं शिकवायला नको.

आमच्या पाटल्यांवर महिन्याला एक टक्का व्याज होतं आणि भाऊकडे पाच. सोन्याचा भाव चढत होता, त्याच पाटल्यांवर अजून ४०,००० मिळत होते. ते उचलून भाऊचे फेडायचे, पाचाचं कर्ज एकावर आणायचं, ही कल्पना हिची. मी म्हटलं, वा! ती म्हणाली, "वा नको. सोनं माझं आहे, तर अटी माझ्या." अटी तीन होत्या. कार्ड कापायचं, ते सांगितलं. यापुढे बयाणा घेतल्याशिवाय तारीख द्यायची नाही. आणि येणारा प्रत्येक पैसा तिच्या हातून जाईल.

सूचना: सोन्याचा भाव वाढला की तारणवाल्यांचा फोन येतो, "मॅडम, अजून उचलता येतील." हा फोन उचलू नये.

पायरी सातवी: तुमचेही कोणीतरी देणे लागते

माझ्या कपाटात तेव्हा अकरा अल्बम पडून होते. छापलेले, बांधलेले, मखमली खोक्यातले. अल्बम छापायचे पैसे मी दिलेले, आणि पाहुणे गेल्यावर मुलीच्या बापाला मी आठवेनासा झालो. त्यात त्याचाही दोष नाही. हॉलवाला आणि केटरर दारात उभे राहतात, फोटोवाला फोनवर "हो काका, सावकाश" म्हणतो. लग्न कर्जानं करणाऱ्या बापाचं शेवटचं कर्ज म्हणजे मी. सगळे मिळून माझे ८७,००० बाहेर होते.

हिनं एकेकाला फोन लावले. मला बाजूला बसवलं आणि तोंड उघडू दिलं नाही. "काकाजी, अल्बमला कसर लागून राहिली," एवढंच म्हणायची, आणि मुलीचे फोटो कसर खाईल या भीतीनं लोक धावत येत. चार महिन्यांत ४१,००० आले. एका अल्बमचं जोडपं तोवर कोर्टात गेलं होतं. दोन्हीकडच्यांनी तो नको म्हणून सांगितलं. तो अजून आहे. फोटो छान आलेत.

विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचंही असंच. १९५३ च्या नागपूर करारामुळे दर डिसेंबरात अख्खं सरकार आपल्या दारात येतं आणि फोटोवाल्यांना सुगी येते. प्रत्येक कार्यकर्त्याला मंत्र्यासोबत फोटो हवा असतो, तो लगेच मोबाइलवर हवा असतो, आणि पैसे "भाऊंना सांगतो" असे असतात. भाऊ मुंबईला परत जातात. आता मी क्लिक करायच्या आधी क्यूआर कोड पुढे करतो. फोटो निम्मे झाले, पैसे दुप्पट.

पायरी आठवी: वसुलीवाल्याला चहा द्यावा की नाही

रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. धमकावता येत नाही, नातेवाइकांना त्रास देता येत नाही. हे मला कळलं त्या दिवशी मी दारावर आलेल्या पोराला मोठ्या रुबाबात घड्याळ दाखवलं. त्यात सहा पन्नास झाले होते. तो म्हणाला, "दादा, मी तर सातच्या आतच येतो. तुम्हीच सातच्या आत घरी राहत नाही."

पोरगा पंचविशीतला, पाठीवर बॅग, हेल्मेटनं केस चपटे झालेले. हिनं पाणी दिलं, मग चहाही. त्यानं जे सांगितलं ते पुस्तकात नव्हतं. "बाऊन्स झालं का दोघं कापतात दादा, कंपनी वेगळे अन् बँक वेगळे. तुमचे पैसे पाचले येतच नाहीत तर तारीख बदलून घ्या ना. अर्ज द्या. इथं रोज बोंबलण्यापेक्षा एक अर्ज." अर्ज दिला. तारीख पंधरा झाली. दुसऱ्यांदा तो आला तेव्हा मी चहा स्वतः केला. त्याचीही गाडी किस्तीवर होती.

एक चोरवाट विचारणारे पुष्कळ भेटतात: दिवाळं काढलं तर? पूर्वी व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावून दिवाळं जाहीर करत, असं सांगतात. आपल्यासारख्या घरगुती माणसासाठी मुंबई-कोलकाता-चेन्नई सोडून बाकी ठिकाणी आजही चालतो तो १९२० चा प्रांतिक दिवाळखोरी कायदा, आणि त्यात अर्ज करायला कर्ज किमान ५०० रुपयांचं लागतं. वाचून मला अभिमान वाटला. मी हजारपटीनं पात्र होतो. वकिलानं फी सांगितली आणि मी उठलो. (बायकांना मात्र जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. लोकअदालतीत तडजोडही होते. हे हिला माहीत होतं, मला नव्हतं.)

पायरी नववी: स्वतःच्या घरी नोकरीला लागा

ही खरी पायरी. बाकीच्या गाळल्या तरी हिला गाळू नका. मागच्या तीन वर्षांच्या डायऱ्या काढून त्यातलं सगळ्यात वाईट वर्ष निवडायचं. आमचं खर्च वजा जाता ४,४४,००० निघालं. भागिले बारा, ३७,०००. हिनं त्यातले दोन हजार शुक्राच्या नावानं काढले आणि माझा पगार ३५,००० ठरवला, दर महिन्याच्या दहा तारखेला. दहा तारीख तिनं मुद्दाम घेतली का, विचारलं नाही.

लग्नाचा हंगाम सुरू झाला आणि नव्वद-नव्वद हजार आले तरी खात्यात पस्तीसच यायचे. नवशिक्यांना इथे फार त्रास होतो. घरात पैसा आहे आणि आपल्याला मिळत नाही, ही भावना पहिल्या हिवाळ्यात मला रोज व्हायची. लोकांच्या लग्नात पनीर खायचं आणि घरी येऊन वरण-भात, तोही हिशेबातला. एकदा मी उचल मागितली. ती म्हणाली, "अर्ज द्या." दिला. नामंजूर झाला, शेऱ्यासह: 'ऑगस्ट पाहा.' मग ऑगस्ट आला. बाहेर मुसळधार पाऊस, हातात एक बारसं आणि दोन डोहाळजेवणं (लग्नं थांबतात, बारशी थांबत नाहीत, हे या धंद्याचं रहस्य आहे), आणि दहा तारखेला खात्यात पस्तीस हजार. मी पासबुक घेऊन गॅलरीत उभा राहिलो. शेजारचे काकाजी म्हणाले, "काय, पगार झाला वाटते?" म्हटलं, "हाव ना."

पायरी दहावी: सध्याची स्थिती

कॅमेरा फिटला. भिशी संपली, बचत गटाचे गेले, किराणावाल्याची वही आता पाहता येते. कार्डाचे थोडे हप्ते आहेत. पाटल्या अजून आल्या नाहीत, पण त्यांच्यावरचे पन्नास हजार कमी झालेत. चादरीवर ५,२२,६०० होते, आज डायरीत १,३१,४०० आहेत. पावती पोथीतच असते. फरक इतकाच की आता मी पोथी उघडतो.

यंदा कालनिर्णय आलं त्याच दिवशी आम्ही दोघांनी ते जमिनीवर पसरून वाचलं. २०२६ मध्ये अधिक महिना ज्येष्ठात आहे, १७ मे ते १५ जून. ऐन हंगामाचे तीस दिवस गेले. हिनं ते लाल पेनानं चौकटीत घेतले आणि माझा पगार एक हजारानं कमी केला. दूधवाल्याचे खाडे आता वेगळ्या कागदावर लिहितो.

परवा संध्याकाळी बेल वाजली. साडेसहा. दारात तोच वसुलीवाला पोरगा, बॅगेशिवाय, हातात लग्नपत्रिकेचा कच्चा मसुदा. माझ्या पोटात सवयीनं गोळा आला, मग आठवलं की त्याच्याकडे आता माझं काहीच नाही. एप्रिलात लग्न ठरलंय, हॉल सक्करदऱ्याला, फोटो तुम्हीच काढायचे म्हणाला. मी मॉडेल सांगितलं, रेट सांगितला, ओळखीचे म्हणून दोन हजार कमी केले. त्यानं मान हलवली, चप्पल काढता काढता थोडा घुटमळला.

"दादा, पैसे तीन किस्तीत दिले तर चालन का?"

मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज आला, "बयाणा पहिले!"